विद्यापीठात नवीन लागलात? मग फेसबुक-व्हॉट्सॲपवर काय टाकायचं ते आधी बघून घ्या

विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात जॉईन झालं की पहिल्या महिन्यातच दोन सल्ले फुकट मिळतात. ऑफिसातले जुने लोक म्हणतात, बाबा रे काही टाकू नकोस, लाईकसुद्धा करू नकोस, सस्पेंड होशील. आणि स्टाफरूममधले एखादे सर म्हणतात, घटनेत बोलायच्या हक्काचं कलम १९ आहे ना, लिही बिनधास्त, कोण काय वाकडं करतंय. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. कोर्टात आपली बाजू ऑफिसवाल्यांना वाटते त्याच्यापेक्षा बरीच मजबूत असते, पण तिथपर्यंत पोचायला किती वर्षं जातात, मधल्या काळात पगाराचं काय होतं, हे सरांनी सांगितलेलं नसतं. आणि तिसरी गोष्ट कोणीच सांगत नाही ती म्हणजे माझ्या पाहण्यात तरी लोक अडकतात ते मोदींवर किंवा राहुल गांधींवर लिहून फार कमी वेळा, जास्त करून अडकतात ते ऑफिसातलं काहीतरी ग्रुपवर टाकून.

खालचं सगळं महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी आणि त्यांच्या संलग्न कॉलेजांसाठी आहे, मुंबई पुणे नागपूर कोल्हापूर अमरावती नांदेड जळगाव वगैरे, म्हणजे जिथे २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू होतो तिथे. खाजगी आणि अभिमतवाल्यांचं गणित बऱ्याच बाबतीत वेगळं आहे.

पायरी १: कागदावर तुम्ही कोण आहात ते शोधा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं. नेमणुकीची ऑर्डर काढा आणि शेवटच्या पानावरच्या बारीक अटी वाचा, सही करताना वाचलेल्या नसतातच. तिथे सहसा लिहिलेलं असतं की अमुक परिनियम (म्हणजे विद्यापीठाचे स्टॅट्यूट), अमुक नियम आणि शासनाचे वेळोवेळी निघणारे आदेश लागू राहतील. ह्या एका ओळीतून पुढचं सगळं निघतं.

शिक्षक असाल तर तुम्हाला विद्यापीठाचे परिनियम आणि यूजीसीची १८ जुलै २०१८ची रेग्युलेशन्स लागू. त्या रेग्युलेशन्समध्ये शिक्षकांची आचारसंहिता आहे, ती एकदा खरंच वाचा. परिषदा, चर्चासत्रं अशा ठिकाणी मोकळेपणी मत मांडावं हे त्यातच लिहिलंय, आणि त्याच संहितेत सहकाऱ्यांवर बिनपुराव्याचे आरोप करू नयेत, विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांविरुद्ध, सहकाऱ्यांविरुद्ध किंवा प्रशासनाविरुद्ध चिथवू नये हेही लिहिलंय. मेमो काढणारे दुसरा भाग कोट करतात. पहिला आपल्याला माहीत पाहिजे.

शिक्षकेतर असाल, क्लार्क, लॅब असिस्टंट, शिपाई, कोणीही, तर १९८४चा स्टँडर्ड कोड. ऑफिसात त्याची झेरॉक्स कोणाकडे तरी कपाटात असतेच, मागून घ्या. त्यात वर्तणूक आणि शिक्षा दोन्हीचं सगळं आहे.

सीएचबीवाले (तासिका तत्त्वावर शिकवणारे), कंत्राटी, आउटसोर्सिंगवाले, तुमच्यासाठी वाईट बातमी. हक्क तुम्हालाही आहेत, पण तुमच्यावर कारवाई करायला मेमोची गरजच पडत नाही, पुढच्या सत्राची ऑर्डर येत नाही एवढंच. कारण कोणी लिहून देत नाही, म्हणून भांडायलाही काही हातात नसतं. हे चूक आहे पण आहे हे असं आहे, आणि खालचा प्रत्येक सल्ला तुम्ही एक घर मागे राहून वाचा.

आता शासनाचे आदेश. सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ला सोशल मीडियाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, ते पीडीएफ तुमच्या ग्रुपवर दहा वेळा फिरलं असेल. त्यात मुख्य काय तर वैयक्तिक आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं ठेवा, प्रोफाईल फोटो सोडून बाकी वैयक्तिक फोटो-रीलमध्ये पदनाम, लोगो, गणवेश, सरकारी गाडी, इमारत आणू नका, गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नका, बदली झाली की ऑफिसचं अकाउंट पुढच्याच्या ताब्यात द्या, आणि राज्य किंवा केंद्राच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका. कारवाईसाठी १९७९च्या शिस्त व अपील नियमांचा उल्लेख आहे. हे तुमच्यावर नेमकं कसं बसतं ते तुमच्या विद्यापीठाने स्वतःचं परिपत्रक काढून ते स्वीकारलंय का ह्यावर बघा, आस्थापना विभागात जाऊन सरळ विचारा. मला विचाराल तर शेवटचा मुद्दा, म्हणजे टीकाच नको हा, विद्यापीठातल्या माणसाला जसाच्या तसा लावला तर अर्थशास्त्राच्या शिक्षकाने बजेटवर काय बोलायचं? पण ऑफिसात तो कागद दाखवला जाणार आहे, तेव्हा माहीत असलेला बरा.

आणखी एक गोष्ट. आपण पूर्ण सरकारी नोकर नाही. घटनेचं कलम ३११चं जे संरक्षण कलेक्टर ऑफिसातल्या माणसाला आहे ते आपल्याला नाही, आपलं संरक्षण विद्यापीठ कायद्यातून आणि परिनियमांतून येतं. पण विद्यापीठ हे घटनेच्या कलम १२खाली 'राज्य' धरलं जातं, म्हणून मूलभूत हक्कांसाठी विद्यापीठाविरुद्ध हायकोर्टात रिट करता येते. खाजगी कंपनीतल्या माणसाला मालकाविरुद्ध ही सोय नाही.

पायरी २: अकाउंट साफसूफ करा, एका रविवारचं काम आहे

वैयक्तिक अकाउंटवर विद्यापीठाचा लोगो कव्हर फोटो म्हणून ठेवलाय? काढा. बायोमध्ये 'सहायक प्राध्यापक, अमुक विद्यापीठ' असेल तर ते तुमच्या विषयावर लिहिताना उपयोगी पडतं हे खरं, पण मग राजकारणावरची चिडचिड त्याच अकाउंटवरून नको. 'मतं वैयक्तिक आहेत' ही ओळ जरूर टाका, तिने कारवाई थांबत नाही पण उत्तर देताना एक मुद्दा मिळतो. विद्यापीठाच्या ईमेलवरून वैयक्तिक अकाउंट उघडलं असेल तर बदला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लॉगिन राहिलं असेल तर बाहेर पडा, ऑफिसच्या वेळेत पोस्ट नको (वेळ पोस्टवर छापून येते आणि हा मेमोतला सगळ्यात सोपा मुद्दा असतो).

डिपार्टमेंटचं इन्स्टा किंवा फेसबुक पेज नवीन माणसाच्या गळ्यात हमखास मारतात. घ्या, पण तोंडी घेऊ नका, विभागप्रमुखांकडून दोन ओळींचं पत्र घ्या की हे काम तुम्हाला दिलंय आणि पोस्टला मंजुरी कोण देणार. आणि फोनमध्ये दोन्ही अकाउंट असतील तर कुठल्या अकाउंटवरून टाकतोय ते बघूनच बटण दाबा.

पायरी ३: जे बोलायचंय ते कुठल्या ढिगात पडतं ते ठरवा

तीन ढीग आहेत. पहिला, तुमचा विषय. पाणीप्रश्नावर भूगोलवाल्याने, साथीवर मायक्रोबायोलॉजीवाल्याने लिहिणं ही नोकरीचाच भाग आहे, लिहा, आकडे द्या, नावानिशी लिहा. दुसरा, नागरिक म्हणून मत, रस्त्यातले खड्डे, एखादा कायदा, एखादा निर्णय. तिसरा, नोकरीमुळे तुम्हाला आतून कळलेली गोष्ट.

पहिल्या दोन ढिगांबद्दल लोक उगाच घाबरतात. सुप्रीम कोर्टाने १९६२मध्येच कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार ह्या केसमध्ये सांगितलंय की सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क चपलेसारखे दाराबाहेर राहत नाहीत (शब्द माझे, अर्थ कोर्टाचा), आणि निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली, संपाचा हक्क मात्र मान्य केला नाही. त्रिपुरात मत्स्य खात्यातल्या एका बाईंना एका राजकीय सभेला हजर राहणं आणि फेसबुक पोस्ट यावरून निवृत्तीला काही दिवस असताना सस्पेंड केलं होतं. जानेवारी २०२०मध्ये तिथल्या हायकोर्टाने, मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी होते, ती कारवाई रद्द केली आणि सांगितलं की सभेला जाणं म्हणजे राजकारणात भाग घेणं होत नाही आणि सरकारी नोकरालाही बोलायचा हक्क आहे, नियमांच्या चौकटीत.

आता तिसरा ढीग. इथे मी पण जुन्या लोकांच्याच बाजूचा आहे. परीक्षा विभागात असाल तर पेपर, पेपरसेटरचं नाव, मॉडरेशन, न लागलेला निकाल, उत्तरपत्रिकेचा फोटो, यातलं काहीही कुठेही नाही, 'पोरांनी काय लिहिलंय बघा' म्हणून विनोदी उत्तराचा फोटोसुद्धा नाही. पेपरफुटीसाठी १९८२चा वेगळा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आहे राज्यात, तिथे खातेनिहाय चौकशीवर भागत नाही, पोलीस केस होते. लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल २०१३च्या कायद्याचं कलम १६ आहे, तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो, साक्षीदार, कोणाचंच नाव किंवा तक्रारीतला मजकूर बाहेर द्यायचा नाही, तुम्ही कितीही चांगल्या हेतूने पीडितेच्या बाजूने लिहीत असलात तरी. विद्यार्थ्यांच्या मार्कांच्या याद्या, जात प्रमाणपत्रं, स्कॉलरशिपचे फॉर्म, मोबाईल नंबर यांचे फोटो ग्रुपवर टाकायची आपल्याकडे भयंकर सवय आहे, ती नवीन माणसाने लावूनच घेऊ नये. आणि इंटरव्ह्यू पॅनेलमध्ये काय झालं, विभागाच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं, हे पण ह्याच ढिगात.

जातीवरून टोमणा कुठल्याच ढिगात बसत नाही. 'कोट्यातून आलेला' छापाची कमेंट, हसायची इमोजी लावून टाकली तरी, ॲट्रॉसिटीच्या तक्रारीपर्यंत जाऊ शकते आणि तिथे अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणून सुटायची अपेक्षा ठेवू नका.

पायरी ४: व्हॉट्सॲपला खाजगी समजू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. ग्रुपमध्ये आपलेच लोक आहेत असं वाटतं, आणि मग एक दिवस कुलसचिवांच्या टेबलावर तुमच्या मेसेजची प्रिंट असते, वर पिवळ्या हायलायटरने खूण केलेली.

कोल्हापूर जिल्ह्यातली केस आपल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. एका कॉलेजात शिकवणारे मूळचे काश्मीरचे प्राध्यापक, त्यांनी ऑगस्ट २०२२मध्ये स्टेटस ठेवलं, ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि १४ ऑगस्टच्या पाकिस्तानला शुभेच्छा. पालक-शिक्षकांच्या एका ग्रुपमध्ये ते होते. हातकणंगले पोलिसात गुन्हा, कलम १५३अ (गटागटांत वैर वाढवणं), मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. शेवटी ७ मार्च २०२४ला सुप्रीम कोर्टात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी रद्द केला. कलम ३७० काढण्यावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे असं सांगितलं, आणि शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होईल ते बघायचं, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसावर काय होईल ते नाही, हा निकष लावला. हा निकष मूळ आपल्या नागपूरचा बरं का, १९४०च्या दशकात तिथल्या हायकोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी मांडलेला. केस जिंकली, छानच, पण एका स्टेटसपायी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं आणि मधे दीड वर्षाच्या वर गेलं, हे पण त्याच निकालात वाचायचं.

ॲडमिन असाल तर थोडा दिलासा आहे. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये सांगितलं की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर फक्त ॲडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, समान हेतू दाखवावा लागतो. तरी नवीन माणसाने ॲडमिन होऊ नये असं माझं मत, कोणाला काढलं की नाराजी आणि नाही काढलं की पण नाराजी.

विद्यार्थ्यांच्या ग्रुपचा वेगळा नियम करा. त्यात फक्त लेक्चर, सबमिशन, नोटीस. सुविचार नाही, राजकारण नाही, देवाधर्माचे फॉरवर्ड नाहीत, आणि रात्री विद्यार्थिनीला किंवा विद्यार्थ्याला वेगळा पर्सनल मेसेज तर नाहीच नाही. ग्रुपमधला विद्यार्थी तुमच्या हाताखाली आहे, इंटर्नल मार्क तुमच्या हातात आहेत, तो तुमच्या मताला विरोध करू शकत नाही, म्हणून तिथे तुमचं मत हे नुसतं मत राहत नाही.

फॉरवर्डबद्दल जादवपूर विद्यापीठाचे अंबिकेश महापात्रा लक्षात ठेवा. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, एप्रिल २०१२मध्ये ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र हाउसिंग सोसायटीच्या ईमेलवरून पुढे पाठवलं म्हणून अटक झाली. स्वतः काढलेलं पण नव्हतं. त्या केसमधून सुटका झाली जानेवारी २०२३मध्ये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ खाली ती केस चालू होती ते कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५मध्येच घटनाबाह्य ठरवलं होतं, म्हणजे कलम मेल्यावरही जवळजवळ आठ वर्षं माणूस तारखांना जात होता. (ते कलम गेलं त्या लढाईची सुरुवात २०१२मध्ये फेसबुक पोस्ट आणि लाईकवरून अटक झालेल्या आपल्या पालघरच्या दोन मुलींपासून झाली, तेव्हा तुमचे हेडक्लार्क अजून '६६अ लागेल' म्हणून घाबरवत असतील तर त्यांना प्रेमाने सांगा.)

पायरी ५: राजकारण आणि निवडणूक

ह्यात डावं-उजवं काही नाही, दोन्हीकडचे सापडलेत. मुंबई विद्यापीठाच्या थिएटर आर्ट्स अकादमीचे संचालक योगेश सोमण यांनी डिसेंबर २०१९मध्ये राहुल गांधींच्या सावरकरांवरच्या वक्तव्यावर फेसबुकला व्हिडिओ टाकला, विद्यार्थी संघटनांनी आंदोलन केलं, अकादमीच्या कारभाराबद्दलच्या तक्रारीही त्यात होत्या, आणि जानेवारी २०२०मध्ये त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे विद्यापीठात ललित कला केंद्राचे प्रमुख प्रवीण भोळे यांना विद्यार्थ्यांच्या नाटकावरून विद्यार्थ्यांसकट अटक झाली, तिथे तर सोशल मीडिया पोस्टसुद्धा नव्हती. तुमची बाजू सत्तेत आहे म्हणून तुम्ही सेफ आहात असं समजू नका, सत्ता बदलते, स्क्रीनशॉट राहतो.

निवडणुकीची ड्युटी लागली की त्या काळात तुम्ही निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर धरले जाता. मग डीपीला पक्षाचं चिन्ह, उमेदवाराची रील शेअर करणं, बूथवरून फोटो, सगळं बंद. मतदान केंद्राच्या आत सेल्फी काढणारे महाभाग दर वेळी निघतातच.

सिनेटची निवडणूक, विधान परिषदेचा शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघ, ही मात्र आपलीच मैदानं आहेत, तिथे प्रचार, भूमिका, टीका चालते, फक्त ऑफिसच्या साधनांवरून करू नका.

पायरी ६: विद्यापीठाविरुद्धच तक्रार असेल तर क्रम पाळा

पगार अडकलाय, कॅसची (बढतीच्या योजनेची) फाईल दाबून ठेवलीय, साहेब त्रास देतात, आणि मन करतं की सरळ फेसबुकवर कुलगुरूंना टॅग करून टाकावं. थांबा. १९९८ची देवेंद्रप्पा केस आहे, कर्नाटकातल्या एका महामंडळाचा अधिकारी, त्याने एमडीविरुद्ध राज्यपालांना पत्र लिहिलं आणि पेपरलाही निवेदन दिलं, बडतर्फ झाला आणि सुप्रीम कोर्टाने बडतर्फी कायम ठेवली. मला तो निकाल कडक वाटतो पण विद्यापीठाचा वकील तोच काढणार.

म्हणून आधी लेखी अर्ज, आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट पोच घ्या. मग विद्यापीठ कायद्याच्या कलम ७९ची तक्रार निवारण समिती. त्याचबरोबर माहिती अधिकारात कागद मागवा, नागरिक म्हणून, घरच्या पत्त्यावर. टेबलावरून मोबाईलने काढलेला फाईलचा फोटो म्हणजे गोपनीयतेचा भंग, तोच कागद आरटीआयमधून आला की उजळ माथ्याने दाखवता येतो, फरक फक्त तीस दिवस आणि दहा रुपयांचा. मग संघटना. संघटनेच्या लेटरहेडवरची टीका आणि तुमच्या एकट्याच्या वॉलवरची टीका यांना प्रशासन वेगवेगळ्या नजरेने बघतं. एमफुक्टोने (प्राध्यापकांच्या राज्यातल्या महासंघाने) २०१३मध्ये परीक्षांवर बहिष्कार टाकला तेव्हा ७१ दिवसांचा पगार रोखला गेला, त्यावर पुढे वर्षानुवर्षं भांडण चाललं, पण ते सगळे मिळून भांडले. एकट्याने तेच केलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

पायरी ७: मेमो आलाच तर

पोस्ट डिलीट करू नका, आधी स्वतः पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, तारीख, वेळ आणि वरच्या-खालच्या कमेंट दिसतील असा, कारण समोरच्याकडे कापलेला तुकडा असतो. मेमोवर सही करताना 'प्राप्त' आणि तारीख एवढंच लिहा. साहेबांच्या केबिनमध्ये 'अरे दोन ओळी माफीच्या लिहून दे, मिटवून टाकू' असं म्हणतात, कधीकधी खरंच मिटतं, पण तो माफीचा कागद तुमच्या फाईलला लागतो आणि पुढे प्रमोशनच्या वेळी कबुली म्हणून निघतो. त्याच दिवशी काही लिहून देऊ नका, मुदत मागा, कुठली पोस्ट, कुठला नियम, कोणाची तक्रार, याच्या प्रती लेखी मागा. उत्तर एक-दोन पानांचं, थंड डोक्याने, संघटनेतल्या जाणकाराला दाखवून.

उत्तराने समाधान झालं नाही तर दोषारोपपत्र आणि चौकशी. तिथे मदतनीस मागता येतो, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात. कोर्टासारखे पुराव्याचे कडक नियम चौकशीत लागत नाहीत, तरी स्क्रीनशॉट कोणी काढला, कुठल्या फोनवरून, मूळ कुठे आहे हे विचारायलाच हवं. निलंबन झालं तर निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण अर्धा पगार, तेव्हा घराच्या हप्त्याचं काय ते घरच्यांशी त्याच दिवशी बोला.

काढून टाकलं किंवा पदावनती केली तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपील, कलम ८१, ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसांत. 'कुलगुरूंना भेटून बघू, मग करू' यात लोक महिना घालवतात. भेटा, पण अपील तयार ठेवून भेटा.

पोलीस स्टेशनातून फोन आला तर बोलावणं लेखी मागा, नव्या फौजदारी संहितेत (बीएनएसएस) कलम ३५(३)ची नोटीस असते, आणि एकटे जाऊ नका. मार्च २०२५च्या इम्रान प्रतापगढी निकालात, ते खासदार आपल्याच राज्यातून राज्यसभेवर गेलेत, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बोलण्या-लिहिण्यावरच्या तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी त्याच संहितेच्या कलम १७३(३)खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य, ती १४ दिवसांत करायची असते. वकिलाला हे माहीत असेलच, पण तुम्ही आठवण करून दिली तर तो रागावणार नाही.

आणि संघटनेची वर्गणी जॉईन झालेल्या महिन्यातच भरून टाका. मेमो हातात घेऊन पावती फाडायला गेलात तरी पदाधिकारी मदत करतील, पण आधी चहा पाजून दोन शब्द ऐकवतील.